विजेचा दुकानदार बदलतां येईल काय ?

किराणा वाईट मिळूं लागला कीं आपण वाणी बदलतों. दुधांत पाणी आढळलें कीं गवळी बदलतों. कपडा एकदां बिघडवला कीं पुढच्या खेपेस दुसऱ्या शिंप्याकडे जातों. गृहिणीच्या हातीं संसारांतील हा एक मोठाच अधिकार आहे, आणि दुकानदाराला सरळ ठेवण्यास त्याहून प्रभावी साधन दुसरें नाहीं. परंतु घरांत येणाऱ्या सर्व जिनसांत वीज ही एक अशी जिन्नस आहे कीं, तिच्या बाबतींत हा अधिकार वर्धा जिल्ह्यांतील गृहस्थाला नाहीं. वीज महाग वाटो, वारंवार खंडित होवो, बिल समजो वा न समजो, विकणारा एकच. महाराष्ट्र राज्य विद्युत वितरण कंपनी, जिला आपण महावितरण या नांवानें ओळखतों. मे महिन्यांत कूलर रात्रंदिवस चालतो आणि जूनमध्यें त्याचें बिल हातीं पडतें, तेव्हां वर्ध्याच्या रामनगरांत काय किंवा हिंगणघाटांत काय, एकच प्रश्न ऐकूं येतो : "मुंबईच्या आमच्या नातलगांनीं कंपनी बदलली म्हणे; मग आपल्याला कां बदलतां येऊं नये ?"

या प्रश्नाचें उत्तर एका वाक्यांत देतां आलें असतें तर त्यासाठीं श्रोत्यांचा वेळ घेण्याचें कारण नव्हतें. कायदा पाहावा, तर तो दुसऱ्या दुकानदाराला मज्जाव करीत नाहीं. मुंबईचा अनुभव पाहावा, तर तेथें लाखों कुटुंबांनीं दुकानदार बदललेला आहे. आणि तरीहि वर्ध्याच्या गृहस्थाला आज तें शक्य नाहीं. असें कां, आणि उद्यां शक्य झालें तर तें सर्वांच्याच हिताचें होईल काय, या दोन गोष्टींचा आज थोडा विचार करूं.

विचाराला आरंभ घरांतल्याच एका कागदापासून करावा. महावितरणचें बिल हातीं घ्या, आणि शेवटच्या आंकड्याकडे लगेच न जातां मधल्या ओळी वाचा. त्यांत एक स्थिर आकार आहे. वीज वापरा कीं न वापरा, जोडणी आहे म्हणून ही रक्कम द्यावयाची. दुसरा वीज आकार. ही खुद्द मालाची किंमत. तिसरा वहन आकार. म्हणजे तो माल खांबांवरून आणि तारांवरून तुमच्या दारापर्यंत आणून टाकण्याचें भाडें. शिवाय कोळशाच्या व वीजखरेदीच्या चढत्या-उतरत्या किंमतींपायीं पडणारा इंधन समायोजन आकार आहे. आणि शेवटीं सरकारचें वीज शुल्क आहे, जें घरगुती वापरावर शेंकडा १६ पडतें. हिंगणघाटच्या बाजारांत कापूस आणणाऱ्यास हें निराळें समजावून सांगावयास नको. कापसाचा भाव एक, गाडीभाडें दुसरें, आणि वाटेंतील कर तिसरा. विजेचा दुकानदार बदलणें याचा अर्थ या सर्व ओळी बदलणें असा नव्हे. मुख्यतः बदलते ती मालाच्या किंमतीची ओळ. भाडें ज्याच्या तारा असतील त्याच्यासाठीं द्यावेंच लागतें, आणि शुल्क तर सरकारचेंच. ही गोष्ट मनांत पक्की असली म्हणजे पुढील सर्व हिशेब सोपा होतो.

दुसरी एक समजूत दूर करणें अवश्य आहे. कंपनी बदलली कीं तारेंतून कांहीं निराळी वीज येऊं लागते, असें पुष्कळांस वाटतें. वणा नदी वर्धा नदीस मिळाल्यावर ओंजळींत घेतलेलें पाणी वणेचें कीं वर्धेचें, हें कोण सांगेल ? चंद्रपूर, कोराडी आणि खापरखेडा येथील कोळशाची वीज, कोयनेच्या पाण्याची वीज, परराज्यांतून येणारी वीज, ही सर्व एकाच जाळ्यांत मिसळते. देशाच्या पारेषण जाळ्यांतील ७६५ किलोव्होल्ट दाबाचें एक मोठें उपकेंद्र आपल्याच जिल्ह्यांत आहे. छत्तीसगडच्या बाजूनें येणाऱ्या आणि पुढें निजामाबाद-हैदराबादकडे जाणाऱ्या प्रचंड वाहिन्या तेथें एकत्र येतात. देशाच्या विजेचा एवढा मोठा चौक आपल्या अंगणांत, आणि आपल्या घरापुरतें दुकान मात्र एकच ! यांत विसंगति वाटेल. पण चौकांतून जाणारा माल घाऊक आहे, आणि घरापर्यंत येणारी गल्ली एकच आहे. म्हणून कंपनी बदलली तरी बदल होतो तो वहीखात्यांत, तारेंत नव्हे. वादळांत तार तुटली तर ती जोडावयास पूर्वीं येत होता तोच तारतंत्री येणार. पुरवठा वारंवार खंडित होतो म्हणून ज्यांना दुकानदार बदलावासा वाटतो, त्यांनीं हें आधींच ध्यानांत घेतलेलें बरें.

गल्ली एकच कां, यालाहि इतिहास आहे. एकाच रस्त्यावर दोन कंपन्यांनीं दोन रांगा खांब पुरले, दोन रोहित्रें बसविलीं, तर खर्च दुप्पट होतो आणि गिऱ्हाइकें मात्र तेवढींच राहतात. म्हणून १९१० च्या कायद्याखालीं एकेका शहरासाठीं खासगी कंपन्यांना परवाने देण्यांत आले, तेव्हांहि व्यवहारांत एका गांवाला एकच कंपनी अशी रीत पडली. या कंपन्या शहरांपुरत्या राहिल्या. जेथें दाट वस्ती आणि ऐपतदार घरें, तेथेंच त्यांना फायदा होता. खेड्यांत वीज न्यावयाची तर नफ्याकडे न पाहणारी संस्था हवी, या विचारानें १९४८ चा वीजपुरवठ्याचा कायदा आला आणि पुढें राज्याराज्यांत विद्युत मंडळें निघालीं. आपलें महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ २० जून १९६० रोजीं स्थापन झालें. २००५ च्या जून महिन्यांत त्याचे भाग झाले : निर्मिति एका कंपनीकडे, पारेषण दुसरीकडे आणि घरोघर वितरण तिसरीकडे. ही तिसरी ती महावितरण. आज तिच्या ग्राहकांची संख्या तीन कोटींच्या आसपास आहे. कारखानदार, मोठा दुकानदार आणि जास्त वीज वापरणारें शहरी घर यांनीं खर्चाहून कांहींसा अधिक दर द्यावा, आणि त्यांतून शेतीपंपाचा व गरिबाच्या एका दिव्याचा भार हलका व्हावा, ही वहिवाट या व्यवस्थेबरोबरच रुजली. दराचा हा चढ-उतार म्हणजे सगळ्या व्यवस्थेचें मर्म आहे. पुढें सांगावयाची मुंबईची हकीकत याच एका मुद्द्याभोंवतीं फिरते.

२००३ चा विद्युत कायदा १० जून २००३ पासून अंमलांत आला, आणि त्यानें जुन्या एकाधिकाराचें दार किलकिलें केलें. त्याच्या १४ व्या कलमांत अशी तरतूद आहे कीं, एकाच क्षेत्रांत दोन किंवा अधिक वितरकांना परवाना देतां येईल. मात्र प्रत्येकानें आपापलें तारांचें जाळें उभारावें. ४२ व्या कलमानें दुसऱ्याच्या तारांवरून वीज नेण्याची मोकळीक दिली, पण ती टप्प्याटप्प्यानें, आणि पहिल्या वितरकाच्या नुकसानीची भरपाई म्हणून अधिभार देण्याच्या अटीवर. ४३ व्या कलमानें परवानाधारकावर बंधन घातलें कीं, मागेल त्याला वीज दिलीच पाहिजे. कायदा करणाऱ्यांनीं मोकळीक, भरपाई आणि बंधन या तिन्ही गोष्टी एकत्र बांधल्या होत्या. यांतील एक उचलून दुसरी विसरली कीं घोटाळा होतो.

आतां मुंबईकडे वळूं. भारतांत घरगुती ग्राहकानें विजेचा दुकानदार बदलल्याचें ठळक उदाहरण तेंच आहे. शहराच्या दक्षिण भागांत बेस्टचा पुरवठा. ही संस्था १९४७ सालीं महापालिकेच्या मालकीची झाली. उपनगरांत १९२९ सालीं स्थापन झालेल्या बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय कंपनीचा पुरवठा. ती पुढें रिलायन्सकडे आणि २०१८ सालीं अदानी समूहाकडे गेली. या दोघांना घाऊक वीज देणारी तिसरी कंपनी टाटांची. खोपोलीच्या केंद्रांतून पाण्यावर केलेली तिची वीज १९१५ सालापासून मुंबईला मिळूं लागली. टाटांनीं लहान घरगुती ग्राहकालाहि वीज विकावी कीं नाहीं, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ८ जुलै २००८ रोजीं न्यायालयानें निर्णय दिला कीं, टाटांच्या परवान्यांत लहानमोठ्या सर्व ग्राहकांना वीज विकण्याचा अधिकार येतो.

अधिकार मिळाला, पण उपनगरांतील घरोघर गेलेल्या तारा होत्या दुसऱ्याच्या. तेव्हां १५ ऑक्टोबर २००९ रोजीं महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगानें मार्ग आंखून दिला. ग्राहकानें नव्या कंपनीकडे अर्ज करावा, जुन्या कंपनीची थकबाकी फेडावी, तारा जुन्याच कंपनीच्या राहाव्या, त्यांचें भाडें त्या कंपनीस मिळावें, आणि वीज मात्र नव्या कंपनीच्या खात्यावर मोजली जावी. घराची भिंत फोडावी लागली नाहीं कीं रस्ता खणावा लागला नाहीं. लोकांना ही सोय फार आवडली, आणि तें स्वाभाविक होतें.

पण प्रथम कोण गेलें हें पाहण्यासारखें आहे. त्या वेळीं जास्त वीज वापरणाऱ्या घरांना दोन कंपन्यांच्या दरांत मोठा फरक दिसत होता. म्हणून वातानुकूलित घरें, मोठीं दुकानें, कचेऱ्या हीं प्रथम हललीं. एका खोलीत दोन दिवे आणि एक पंखा चालविणाऱ्याला बदलून लाभ थोडा, आणि त्याला बोलाविण्याची घाई नव्या विक्रेत्यालाहि नव्हती. परिणाम असा झाला कीं, ज्यांच्या जादा दरांतून गरिबाच्या दिव्याचा भार उचलला जात होता, तेच निघून जाऊं लागले. आणि मागें राहिलेल्यांच्या अंगावर तो भार पडण्याची वेळ आली. मग आयोगानें निघून जाणाऱ्या ग्राहकांवर भरपाईचे आकार बसविले. एवढ्यानें भागेना, तेव्हां २२ ऑगस्ट २०१२ रोजीं आयोगानें टाटांना सांगितलें कीं, वर्षभर या पद्धतीनें फक्त महिना ३०० युनिटांपर्यंत वापर असणाऱ्या ग्राहकांनाच घ्यावें, आणि कांहीं ठरावीक विभागांत स्वतःचें जाळें उभारावें. पुढें भरपाईचे आकार आणि दर बदलत गेले तसा फायद्याचा आंकडाहि बदलत गेला, आणि कांहीं ग्राहक पहिल्या कंपनीकडे परतहि आले. बेस्टच्या क्षेत्रांत तर निराळाच प्रकार. ती स्थानिक संस्था असल्यामुळें तिनें आपल्या तारा दुसऱ्यास द्याव्या असें बंधन कायद्यांत नाहीं. तेथें दुसऱ्या कंपनीला शिरावयाचें तर स्वतःच्या तारा टाकूनच. एकाच मुंबईंत माहीमच्या खाडीच्या अलीकडे एक नियम आणि पलीकडे दुसरा !

परदेशांतील एक उदाहरणहि लक्षांत ठेवावें. ब्रिटनमध्यें १९९८ ते १९९९ या काळांत प्रत्येक घराला विजेचा विक्रेता निवडण्याची मोकळीक मिळाली. दरांची तुलना करणारीं जागरूक कुटुंबें वरचेवर विक्रेता बदलून पैसे वांचवूं लागलीं. परंतु जीं वृद्ध किंवा साधीं माणसें जागच्या जागीं राहिलीं, त्यांना अधिक दर पडूं लागला; इतका कीं, त्यांच्या रक्षणासाठीं २०१९ च्या जानेवारींत सरकारला दरावर कमाल मर्यादा बांधावी लागली. नंतर २०२१ सालीं नैसर्गिक वायूचे भाव भडकले, आणि कांहीं महिन्यांत पंचवीसांहून अधिक विक्रेते बुडाले. ग्राहकांचे दिवे मात्र विझले नाहींत, कारण नियामकानें त्यांना दुसऱ्या विक्रेत्यांकडे सोंपविलें. पण त्या स्थलांतराचा खर्च देशांतील सर्वांच्या बिलांवर वांटला गेला. ज्यानें कधीं विक्रेता बदलला नव्हता, त्यालाहि तो भरावा लागला.

हें सर्व जमेस धरून आतां आपल्या जिल्ह्याकडे पाहूं. शेजारच्या नागपुरांत २०११ ते २०१९ या काळांत शहराच्या मोठ्या भागाचें वितरण एका खासगी कंपनीकडे सोंपविलें होतें, म्हणून तेथें दुकानदार बदलला होता असें कांहीं लोक म्हणतात. तें बरोबर नाहीं. तो मुनीम बदलला होता; परवाना महावितरणचाच होता, दर आयोगानें ठरविलेलेच होते, आणि ग्राहकाला निवड अशी नव्हतीच. मुंबईलगतच्या महावितरणच्या क्षेत्रासाठीं एका खासगी समूहानें समांतर परवाना मागितला, त्याविरुद्ध २०२३ च्या जानेवारींत राज्यांतील वीज कर्मचाऱ्यांनीं तीन दिवसांचा संप पुकारला, आणि सरकारशीं बोलणीं होतांच पहिल्याच दिवशीं तो मागें घेतला. केंद्रांत २०२२ सालीं आणलेलें कायदा-दुरुस्तीचें विधेयक समितीकडे गेलें आणि लोकसभेच्या विसर्जनाबरोबर संपलें. २०२५ च्या ऑक्टोबरांत एकाच जाळ्यावरून अनेक विक्रेत्यांना वीज विकूं देण्याचा नवा मसुदा केंद्र सरकारनें लोकांपुढें ठेवला. म्हणजे हा प्रश्न मिटलेला नाहीं. तो पुन्हां पुन्हां दाराशीं येणार आहे. मोठ्या कारखान्याला अन्य ठिकाणाहून वीज घेण्याची वाट आहे. सूर्य-वाऱ्याच्या विजेपुरती ती २०२२ च्या नियमांनीं १०० किलोवॉट मागणीपर्यंत खालीं आणली आहे. पण घरगुती जोडणी दोन-तीन किलोवॉटांची. ती या दारांतून आंत जात नाहीं.

आतां कल्पना करा कीं, उद्यां एखादी नवी कंपनी वर्ध्यास आली. ती प्रथम कोठें जाईल ? वर्धा शहर, हिंगणघाट, पुलगांव आणि देवळीची औद्योगिक वसाहत. जेथें बिल वेळेवर भरलें जातें आणि एका खांबावर दहा गिऱ्हाइकें मिळतात. आष्टी, कारंजा, समुद्रपूर या तालुक्यांतील एखाद्या टोकाच्या वस्तीला, जेथें एका शेतकऱ्याच्या पंपासाठीं मैलभर तार ओढावी लागते, तेथें ती आपण होऊन जाणार नाहीं. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना २०२४ पासून राज्य सरकारनें मोफत विजेची योजना लागू केली, आणि त्याची भरपाई सरकारनें करावयाची असें ठरलें. तरी शहरांतील व कारखान्यांतील चढ्या दरांचा आधार जाळ्याला लागतोच. तो आधार एकदम काढून घेतला, तर एक तर खेड्यांतील दर वाढतील, नाहीं तर सरकारच्या तिजोरीवर बोजा वाढेल, नाहीं तर रोहित्र जळाल्यावर नवें येण्यास आज लागतात त्याहून जास्त दिवस लागतील. शहरांतील मनुष्यानें यासाठीं जन्मभर महाग वीज घ्यावी असें मी म्हणत नाहीं. पण आपण सोडून गेल्यावर मागल्या गाड्याचें ओझें कोण ओढणार, हें विचारल्याशिवाय गाडा सोडूं नये, एवढें खास.

तर मग वर्ध्याच्या गृहस्थाच्या हातीं कांहींच नाहीं काय ? आहे. आपल्याकडे दुकान बदलण्याची सोय नसली, तरी मालाचा एक भाग घरींच पिकविण्याची सोय आहे; आणि त्यासाठीं लागणारा कच्चा माल, म्हणजे ऊन, वर्ध्याला कोणी कमी म्हणणार नाहीं. गच्चीवर सौर पॅनेलें बसवून वीज करावी, दिवसा वापरून उरेल ती महावितरणच्या तारेंत सोडावी, रात्रीं लागेल ती तारेंतून घ्यावी, आणि दोहोंच्या वजाबाकीचें बिल भरावें; नियामक आयोगानें २०१९ सालीं केलेल्या नियमांत या पद्धतीची व्यवस्था आहे. २०२४ च्या फेब्रुवारींत केंद्र सरकारनें प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजना जाहीर केली. एक कोटी घरें हें तिचें उद्दिष्ट. दोन किलोवॉटपर्यंत दर किलोवॉटला ३०,००० रुपये, तिसऱ्या किलोवॉटला १८,००० रुपये, आणि एकंदर जास्तींत जास्त ७८,००० रुपये, असें साहाय्य त्या योजनेंत ठरविलें आहे.

हिशेब असा करावा. एका किलोवॉटच्या पॅनेलांना साधारण दहा चौरस मीटर, म्हणजे शंभरएक चौरस फूट सावलीविरहित जागा लागते, आणि चांगल्या उन्हांत रोज सुमारें चार युनिटें वीज होते. दोन किलोवॉट बसविले तर स्वच्छ उन्हाच्या महिन्यांत २४० युनिटांच्या आसपास. पावसाळ्यांत त्याहून पुष्कळच कमी. साहाय्य ठरवितांना दोन किलोवॉटांचा खर्च सरकारनें एक लाख रुपये धरला होता. समजा, तेवढाच खर्च आला, तर ६०,००० वजा जातां पदरचे ४०,००० जातील. आणि समजा, बिलांत सरासरीनें महिना १,५०० रुपये वांचले, तर वर्षाचे १८,००० होतात. घातलेली रक्कम सव्वादोन वर्षांत निघेल. पण बसविणाऱ्यानें १,३०,००० मागितले, तर पदरचे ७०,००० जातात आणि तीच गोष्ट चार वर्षांवर जाते. म्हणून दोन-तीन ठिकाणचे लेखी भाव घ्यावे, आणि आपल्या बाराहि महिन्यांचीं बिलें पुढें ठेवून गणित मांडावें. केवळ मे महिन्याचें बिल धरून मांडूं नये. ज्या घराचा वापर महिना शंभर युनिटांच्या आंत आहे, त्याला दरच कमी पडतो. त्याची बचतहि तशीच थोडी. ज्याचें बिल तीनशेंच्या पुढल्या टप्प्यांत जातें, त्याला मात्र ही गच्ची खरोखर दुभती गाय आहे.

चार गोष्टींची सूचना येथें द्यावीशी वाटते. पहिली : पॅनेलें बसविलीं म्हणून स्थिर आकार चुकत नाहीं, कारण जोडणी राहतेच. दुसरी : तारेंतील वीज गेली कीं, साठवणीची बॅटरी नसलेलें साधें सौर यंत्र भर दुपारींहि बंद पडतें. पुष्कळांना हें बसविल्यावर कळतें आणि ते चिडतात. पण तें मुद्दाम तसें केलेलें असतें. दुरुस्तीसाठीं खांबावर चढलेल्या माणसाला तुमच्या गच्चीवरून आलेल्या विजेचा धक्का बसूं नये म्हणून. तिसरी : धूळ, वानरें आणि वावटळ हे या यंत्राचे आपल्याकडील तीन शत्रु. सांगाडा मजबूत हवा, धुण्याची सोय हवी, आणि जुन्या कवेलूंच्या छपरावर तर जाणत्याला दाखविल्याशिवाय कांहींच चढवूं नये. चौथी : शिल्लक विजेच्या मोबदल्याचे नियम आयोग वेळोवेळीं बदलतो, करार करावयाच्या दिवशीं जो नियम असेल तो लेखी समजून घ्यावा.

आणि तरीहि येथेंसुद्धां मुंबईचाच प्रश्न निराळ्या वेषांत उभा राहतो. गच्ची कोणाजवळ ? स्वतःचें पक्कें घर असेल त्याच्याजवळ. भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारा शिक्षक, चौथ्या मजल्यावरचें कुटुंब, टिनाच्या छपराखालचा मजूर, यांना हा मार्ग तितका सोपा नाहीं. गच्चीवाला दिवसा आपली वीज करतो, आणि रात्रीं त्याच तारेवर विसंबतो. तारेचा खर्च मात्र कमी झालेल्या बिलांतून पुरेसा निघत नाहीं. आज अशीं घरें थोडीं आहेत म्हणून हें जाणवत नाहीं. गांवाचा मोठा भाग असें करूं लागला, म्हणजे तारेचा खर्च कोणीं कसा द्यावा याचा हिशेब नव्यानें मांडावा लागेल. स्थिर आकार वाढविण्याचा आग्रह वितरक करतात तो याचसाठीं, आणि तो सर्वस्वी लबाडीचा असतो असें म्हणतां येत नाहीं.

या ठिकाणीं वर्ध्याचीच एक जुनी गोष्ट आठवते. १९३५ सालीं गांधीजींचा मुक्काम येथील मगनवाडींत होता, आणि ग्रामोद्योगांचें कार्य तेथूनच चालत होतें. गांधीजी यंत्रांचे शत्रु, म्हणून विजेचेहि शत्रु, असें समजणारे लोक तेव्हांहि होते. परंतु त्याच सालीं त्यांनीं 'हरिजन' पत्रांत स्पष्ट लिहिलें कीं, प्रत्येक खेड्यांतील घरांत वीज देतां आली, तर गांवकऱ्यांनीं आपलीं अवजारें विजेवर चालविण्यास आपली हरकत असणार नाहीं. मात्र मग वीजघरें गांवाच्या किंवा राज्याच्या मालकीचीं असावीं, जशीं गायरानें असतात तशीं. गायरानाची ही उपमा मला फार मोलाची वाटते. गाय ज्याची त्याची, दूध ज्याचें त्याचें, पण कुरण सर्वांचें. ज्याच्या चार गाई त्यानें चारींना चारावें, पण कुरणाच्या कुंपणाची वर्गणी भरावी. पूर्वीं वीज करणें हें एखाद्या मोठ्या वीजघराचेंच काम होतें. आतां ती घरोघरच्या गच्चीवर होऊं लागली आहे. म्हणजे गाय घरोघर आली. कुरण उरलें तें तारांचें जाळें. विक्रेते दोन असोत वा दहा असोत, तें जाळें सामाईक आहे, आणि त्याची निगा सर्वांनीं मिळून राखावयाची आहे.

म्हणून दुसरा दुकानदार आपल्या जिल्ह्यांत येण्याची वेळ आली, तर आपण त्याला हांकून द्यावें असें मला वाटत नाहीं, आणि आंधळेपणानें ओवाळावें असेंहि वाटत नाहीं. त्याला तीन अटी घालाव्या. जो शहरांत विकेल त्यानें त्याच दरपत्रकानें खेड्यांतहि विकावें. केवळ जाड बिलें निवडूं नयेत. तारांचा हिशेब विक्रीच्या हिशेबापासून वेगळा ठेवावा, आणि तो सर्वांस वाचतां येईल अशा मराठींत प्रसिद्ध व्हावा. आणि गरिबाला जी सवलत द्यावयाची ती शेजाऱ्याच्या बिलांत लपवून न देतां सरकारनें उघड, वेळेवर आणि रोख द्यावी. म्हणजे कोणी सोडून गेला तरी गरिबाचा दिवा त्याच्या जाण्यावर अवलंबून राहणार नाहीं.

तोंपर्यंत ज्याला दुकान बदलतां येत नाहीं, त्याला निदान गाऱ्हाणें मांडतां आलें पाहिजे. आणि ती सोय आजहि आहे. बिलाविषयीं किंवा पुरवठ्याविषयीं महावितरणकडून समाधान झालें नाहीं, तर ग्राहक गाऱ्हाणें निवारण मंच आहे. त्याच्या निर्णयानेंहि समाधान न झाल्यास विद्युत लोकपाल आहेत, आणि त्यांचें एक कार्यालय नागपुरासच आहे. दर ठरविण्यापूर्वीं नियामक आयोग लोकांच्या हरकती मागवितो आणि जाहीर सुनावणी घेतो. अशा सुनावणीला कारखानदारांच्या संघांचे वकील जातात, मोठमोठे तज्ज्ञ जातात. घर चालविणारीं माणसें मात्र क्वचितच जातात. वास्तविक, आठहि तालुक्यांतील घरांतून चार-चार माणसें बिलें हातीं घेऊन गेलीं, तर त्यांचें म्हणणें ऐकावेंच लागेल.

वाणी बदलण्याच्या अधिकारांत खरें बळ बदलण्यांत नसतें. वजन-माप ओळखणाऱ्या गिऱ्हाइकाच्या नजरेंत असतें. ती नजर असली तर एकच दुकानहि पुष्कळसें सरळ चालतें. ती नसली तर दहा दुकानेंहि आपल्याला फसवितात. तेव्हां या महिन्याचें बिल आलें म्हणजे रक्कम भरण्यापूर्वीं पांच मिनिटें तें वाचावें. गच्ची असेल तर ती मोजावी. आणि आयोगाची सुनावणी जाहीर झाली, म्हणजे तिची तारीख भिंतीवरील कालनिर्णयावर लिहून ठेवावी.